पोचपावती

टोकियोच्या निशी-कासाईतल्या आमच्या घरून सायकल उत्तरेकडे काढली की थोड्याच वेळात किता-कासाईत दाइची सांक्यो या औषध कंपनीचं संशोधन केंद्र लागतं. मराठी वाचकाला हे नाव अगदीच परकं नसावं; २००८ साली आपली रॅनबॅक्सी विकत घेतली ती हीच कंपनी. केंद्रात बाहेरून पाहण्यासारखं काही नाही. मुलीला पोहायला सोडायला त्या बाजूनं जाताना मीही कित्येक महिने मान वर करून पाहिलं नव्हतं. मग २०२१च्या जूनमध्ये बातमी आली की या कंपनीच्या ‘डेलिटॅक्ट’ला जपान सरकारनं सात वर्षांच्या मुदतीची सशर्त परवानगी दिली. औषध मेंदूच्या कर्करोगावरचं. कुपीत रसायन नाही, जिवंत विषाणू.

विषाणू हर्पीसचा, म्हणजे तापातून उठल्यावर ओठांच्या कडेला ज्याच्यामुळे पुळ्या येतात तो. टोकियो विद्यापीठाचे मेंदूशल्यविशारद तोमोकी तोदो यांनी त्याच्यात तीन ठिकाणी मोडतोड केली आणि त्या रूपाला नाव पडलं जी-४७-डेल्टा. पहिल्या मोडतोडीमुळे निरोगी मज्जापेशीत त्याचं काही चालत नाही. दुसरीमुळे त्याला वाढायला सतत विभागणारी पेशीच लागते. तिसरीनं त्याची लपण्याची कला जाते, आणि तो शिरलेली पेशी शरीराच्या पहारेकऱ्यांच्या नजरेत येते. कवटीला छिद्र पाडून सुईनं थेट गाठीत सोडायचा, जास्तीत जास्त सहा वेळा. ज्या चाचणीच्या जोरावर परवानगी मिळाली तिच्यात ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाचे १९ रोगी होते. उपचार सुरू झाल्यावर वर्षभरानं त्यांतले ८४ टक्के हयात होते. या आजारात शस्त्रक्रिया, किरण, औषधं सगळं होऊनही गाठ उरली किंवा परत आली, की पुढचं वर्ष काढणारे फार थोडे असतात, हे ज्यांच्या घरात घडलंय त्यांना सांगायला नको.

पण त्या चाचणीच्या अहवालातल्या आकड्यांपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीनं धरून ठेवलं. विषाणू टोचल्यावर एमआरआय काढला तर गाठ मोठी झालेली दिसते. घरच्या माणसाला ती फिल्म दाखवली तर तो म्हणेल, आजार वाढला. प्रत्यक्षात गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा तिथे लढाऊ लिंफोसाइट पेशींची गर्दी झालेली होती. म्हणजे ती सूज जिंकत असल्याची असू शकते आणि हरत असल्याचीही. चित्रावरून कळत नाही. विषाणू आत वाढतोय की दुसऱ्याच दिवशी विझला, गाठीच्या एकाच कोपऱ्यात बसलाय की पसरलाय, हे पाहायचं तर पुन्हा कवटीत सुई घालायची.

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साचे चालवायचे आणि महिन्याच्या महिन्याला गावी मनीऑर्डर करायचे. फॉर्मचा एक तुकडा पोचपावती म्हणून परत यायचा, त्यावर आजीचा जांभळा अंगठा. आजोबांना वाचायला येत होतं, पण त्या तुकड्यावर वाचण्यासारखं फारसं नसायचंच. अंगठा पाहायचा आणि तो कागद पत्र्याच्या डब्यात टाकायचा. पैसे पाठवले हे त्यांना पोस्टातल्या पावतीनं कळलेलं असे, पोचले हे अंगठ्यानं. जनुकोपचारात, विषाणूउपचारात आज बहुतेक ठिकाणी पहिली पावती मिळते, दुसरी नाही. इतक्या अब्ज विषाणूंचा डोस दिला, अशी केसपेपरवर नोंद होते. ते कुठे पोचले, जनुक पेशीत शिरून कामाला लागलं का, किती दिवस टिकलं, याचा अंगठा येत नाही. पुढची पानं त्या अंगठ्याबद्दल आहेत.

हे लिहिणारी मी कोण, तेही सांगून टाकते. इथे येण्याआधी अकरा वर्षं मी मुंबईत एका रुग्णालयाच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात तंत्रज्ञ होते. सकाळी सातला जाऊन ‘गाईची धार काढणं’ हे माझं काम. गाय म्हणजे शिशाच्या डब्यातला टेक्नेशियमचा जनरेटर. आत मॉलिब्डेनम असतं, रात्रभरात त्याचं टेक्नेशियम बनत राहतं. एका बाजूला सलाइनची बाटली उपडी लावायची, दुसऱ्या बाजूला हवा काढून घेतलेली रिकामी बाटली शिशाच्या कवचात घालून टोचायची. निर्वात बाटली सलाइन ओढून घेते आणि येताना ते टेक्नेशियम धुऊन आणतं. पातळसर पाणी, रंग नाही, वास नाही. मोजयंत्रात बाटली सोडल्यावर आकडा चढत जाऊन थांबतो तेव्हाच खात्री पटते की आज धार मिळाली. सहा तासांत निम्मी, संध्याकाळपर्यंत पाव. या धंद्यात सगळं घड्याळावर चालतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे टोकियोच्या या एदोगावा वॉर्डात आले, आणि इथे माझी पदविका चालेना. हातात वेळ होता, म्हणून वाचत गेले.

एदोगावात मराठी माणूस आता नवा राहिलेला नाही. २००० सालच्या आगेमागे संगणकवाले इथे आले, तोझाई मार्गावरून ऑफिसला जाणं सोपं म्हणून निशी-कासाईत राहिले. त्याच्याही वीस वर्षं आधी आलेले चहाचे व्यापारी जगमोहन चांद्राणी यांनी अनेकांना घरं मिळवून दिली. २०१९ साली आपले योगेंद्र पुराणिक इथल्या वॉर्डाच्या सभेवर निवडून गेले. इथली मंडळी कोड लिहिणारी, तर्काची पक्की. एका रविवारी अशाच एका घरी पोहे खाता खाता मी डेलिटॅक्टचं सांगत होते, तेव्हा यजमानांनी विचारलं, ‘म्हणजे प्रोग्रॅम चालवलाय आणि लॉगच ठेवला नाही?’ इतका नेमका प्रश्न मला वर्षभरात सुचला नव्हता. हे लिखाण त्या प्रश्नाला उत्तर म्हणून सुरू झालं.

इंग्रजीत या पोचपावतीला ‘रिपोर्टर जीन’ म्हणतात, आणि आपल्याकडे शब्दशः ‘वार्ताहर जनुक’ करता येईल. मी ठिकठिकाणी तेच वापरलंय, मनात मात्र पोचपावतीच ठेवली. वार्ताहर बातमी रंगवू शकतो. हे जनुक फक्त सही करतं. युक्ती अशी की औषधी जनुकाच्या जोडीला दुसरं एक जनुक बांधून द्यायचं. ते स्वतः बरं करत नाही. पेशीत पोचून चालू झालं की एखादं असं प्रथिन बनवतं जे बाहेरून ओळखता येईल. ते प्रथिन दिसलं, म्हणजे पाकीट पोचलं आणि उघडलं गेलं.

गंमत म्हणजे जी-४७-डेल्टात असं एक जनुक आहेच. विषाणूचं एक जनुक निकामी करताना त्याच्या मधोमध आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूचं, दुधातली साखर फोडणाऱ्या विकराचं जनुक घुसवलेलं आहे. पेशींवर एक विशिष्ट रसायन ओतलं की विषाणू शिरलेल्या तेवढ्या पेशी निळ्याशार होतात. प्रयोगशाळेत फार सोयीचं. अडचण एवढीच की निळा रंग पाहायला गाठीचा काप टेबलावर असावा लागतो. माणूस समोर बसलेला असताना त्या सहीचा उपयोग शून्य.

उजेड देणारी जनुकंही आहेत, आणि त्यांची कहाणी जपान्यांना घरची वाटते. ओसामू शिमोमुरा नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा सोळा वर्षांचे होते, जवळच्या इसाहाया गावात. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी लाखो जेलीफिश धरले, पिळले, आणि त्यातून हिरवं चमकणारं प्रथिन वेगळं केलं. २००८चं नोबेल त्याचंच. काजव्याचं जनुकही असंच वापरतात. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला किंवा राजमाचीला जे झाडभर लुकलुकतं, तेच विकर उंदराच्या गाठीत घातलं तर अंधाऱ्या खोक्यातल्या कॅमेऱ्याला उंदराच्या पोटातून उजेड दिसतो. उंदीर बोटभर जाडीचा, म्हणून जमतं. माणसाच्या शरीरात प्रकाश दोन-तीन सेंटिमीटरांत विस्कटून संपतो. टॉर्चवर तळहात ठेवून पाहा: लालसर झाक येते, हाड दिसत नाही. मेंदूतल्या, यकृतातल्या पेशीला बाहेर निरोप धाडायचा तर शरीर आरपार ओलांडणारी किरणं लागतात, म्हणजे गॅमा. आणि गॅमा पेशी स्वतः बनवू शकत नाही. ती आपण पुरवायची, आणि पेशीनं फक्त धरून ठेवायची.

हर्पीसच्या विषाणूनं ही सोय आयती दिली. त्याच्याकडे थायमिडीन कायनेज नावाचं विकर आहे, थोडक्यात टीके. ते काही ठराविक रेणूंवर फॉस्फेटचं शेपूट जोडतं. शेपूट लागलं की रेणूवर विद्युतभार येतो आणि तो पेशीच्या पडद्यातून बाहेर पडू शकत नाही, दाराला आतून कडी लागल्यासारखा. नागिणीवर डॉक्टर देतात ती असायक्लोव्हिरची गोळी याच कडीवर चालते. माणसाच्या विकराला हे रेणू जवळपास दिसतच नाहीत. मग त्या रेणूला किरणोत्सर्गी फ्लोरिन किंवा आयोडीन लावून शिरेतून दिलं, की सगळीकडून धुऊन जातं, टीके असलेल्या पेशीत मात्र साठून राहतं, आणि पेट स्कॅनवर तो ठिपका उजळतो. १९९०च्या दशकात न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंगमध्ये आणि लॉस एंजेलिसला संजीव गंभीर यांच्या गटानं हे उभं केलं. गंभीर अंबाल्यात जन्मलेले, पुढे स्टॅनफर्डला गेले. आयुष्यभर आजार लवकर दिसावा म्हणून खपलेल्या या माणसाचा मुलगा २०१५मध्ये ग्लायोब्लास्टोमानंच गेला, आणि २०२०मध्ये कर्करोगानं ते स्वतः.

माणसावर हे प्रथम करून पाहिलेल्यांत जर्मनीतल्या कोलोनचा गट होता. २००१ साली त्यांनी ग्लायोब्लास्टोमाच्या पाच रोग्यांना टीके जनुक दिलं आणि पेट काढला. खूण दिसली एकाच्या मेंदूत. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. पाचांत एक म्हणजे उपचार फसला, असं कुणी म्हणेल. पण स्कॅन नसता तर पाचही रोग्यांपुढे ‘उपयोग झाला नाही’ एवढंच लिहिलं गेलं असतं. औषध कुचकामी होतं, की पोचलंच नव्हतं? या दोन अपयशांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकात औषध टाकून द्यायचं, दुसऱ्यात टोचण्याची पद्धत बदलायची. २००५मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या डॉक्टरांनी यकृताच्या कर्करोगाच्या सात रोग्यांत अॅडेनोविषाणूमार्फत तेच जनुक घातलं. ज्यांना एकावर बारा शून्यं इतके किंवा त्याहून जास्त विषाणूकण मिळाले त्या सगळ्यांत ठिपका दिसला. डोस किती पुरेसा, हे रोगी न कापता डोळ्यांनी ठरलं.

सह्या खोट्याही असतात, हे इथेच सांगायला हवं. एकदा आजोबांना पावती आली ती नेहमीसारखीच, अंगठ्यासह. पुढच्या पत्रात कळलं की आजी त्या महिन्यात माहेरी होती आणि अंगठा काकूचा होता. पैसे घरात पोचले होते, ठीकच. पण आजोबा त्यानंतर प्रत्येक अंगठा उजेडात धरून पाहू लागले. टीकेच्या खुणेचंही तसंच. मेंदूला रक्तातून येणाऱ्या वस्तूंपासून जपणारी एक भिंत असते, आणि या खुणेचे रेणू ती नीटसे ओलांडत नाहीत. गाठीपाशी भिंत फुटलेली असते, तिथे ते नुसते झिरपूनही साचतात. म्हणजे ठिपका उजळला तो जनुकामुळे की पडझडीमुळे, ही शंका उरतेच. मेंदूखेरीज इतर अवयवांत ही पावती जास्त भरवशाची. एक पूर्ण प्रकरण मी या शंकेवर खर्च केलंय. कंटाळवाणं वाटलं तरी ते गाळू नका.

दुसरी सही आयोडीनची, आणि ती माझ्या जुन्या कामाच्या जवळची. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये थायरॉइडच्या कर्करोगावर किरणोत्सर्गी आयोडीन देण्याचं काम १९६०च्या दशकापासून चालू आहे. मी जिथे होते तिथेही ते रोगी यायचे. घोटभर औषध प्यायचं आणि मग काही दिवस वेगळ्या खोलीत, वेगळा संडास, नातवंडांना दारातूनच हात. नंतरच्या स्कॅनवर मानेत उरलेला कण दिसे, आणि कधी फुप्फुसात पसरलेले ठिपके. थायरॉइडची पेशी कुठेही जाऊन बसली तरी आयोडीन तिला शोधून काढतं, कारण तिच्या पडद्यावर आयोडीन आत ओढणारं एक दार असतं. त्या दाराचं जनुक नॅन्सी कॅरास्को यांच्या गटानं १९९६मध्ये शोधलं. मग पुढचं सुचणं ओघानंच आलं: हे दार दुसऱ्या कुठल्याही पेशीला बसवा, ती आयोडीन ओढू लागेल. दार माणसाचंच असल्यानं शरीर त्याला परकं मानत नाही. टीकेपेक्षा हा मोठा फायदा. शिवाय कमी ताकदीचं आयोडीन देऊन चित्र काढता येतं आणि जास्त ताकदीचं देऊन तीच पेशी जाळता येते. तोटा असा की थायरॉइड, जठर आणि लाळग्रंथी मुळातच आयोडीन ओढतात, तिथली गाठ त्या उजेडात हरवते.

अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या स्टीफन रसेल यांनी हे दार गोवराच्या लसीच्या विषाणूत बसवलं आणि २०१४मध्ये मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या दोन रोग्यांचा अहवाल दिला. एकीचा आजार पूर्ण मावळला. माझ्या दृष्टीनं बातमी दुसरी होती: विषाणू गाठींत पोचून वाढल्याचं आयोडीनच्या स्कॅनवर दिसलं. आपल्याकडे खारघरच्या अॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात अभिजित डे आणि पृथा रे यांच्या प्रयोगशाळा या वाटेनं चालताहेत. दोघंही गंभीर यांच्याकडे काम केलेले. रे यांनी तिथे असताना उजेड, रंग आणि टीके अशा तीन सह्या एकाच जनुकात शिवल्या होत्या. उंदरापासून माणसापर्यंत एकच जनुक चालावं, हा त्यामागचा विचार.

आयोडीनचं नाव निघालंय तर एक आडवाट. एदोगावाच्या पूर्वेला नदी ओलांडली की चिबा प्रांत. चिबाच्या जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यातून निघणाऱ्या आयोडीनमुळे जपान जगातल्या मोठ्या उत्पादकांत मोजला जातो.

जपानमधलं मला सर्वांत भावलेलं काम मात्र टीकेचंही नाही, आयोडीनचंही नाही. तोचिगीतल्या जिची वैद्यकीय विद्यापीठात शिनइची मुरामात्सू यांच्या गटानं पार्किन्सनच्या सहा रोग्यांना जनुक दिलं, अहवाल २०१०चा. पार्किन्सनमध्ये लेव्होडोपाची गोळी घेतली तरी मेंदूत तिचं डोपामिन करणारं विकर कमी पडत जातं. ते विकर बनवणारं जनुक एएव्ही या निरुपद्रवी विषाणूत भरून मेंदूच्या पुटामेन नावाच्या भागात सोडलं. आता पावती कशी घ्यायची? त्यांनी वेगळी सही जोडलीच नाही. त्या विकरालाच आवडणारा एक रेणू घेतला, त्याला किरणोत्सर्गी फ्लोरिन लावलं आणि पेट काढला. जिथे विकर बनतंय तिथे तो रेणू अडकला, आणि सहा महिन्यांनंतरच्या चित्रात पुटामेन आधीपेक्षा उजळला. औषधच स्वतःची सही करतंय. पुढे हेच विकर जन्मतः नसलेल्या मुलांवर तीच पद्धत वापरली, २०१९मध्ये सहा रोग्यांचा अहवाल आला. हालचाल सुधारली, आणि स्कॅनमध्ये कारण दिसलं. इथे डॉक्टरला ‘वाटतं’ म्हणावं लागत नाही.

सगळ्या जनुकांना ही चैन नाही. एएव्हीच्या पाकिटात जेमतेम पावणेपाच हजार अक्षरं मावतात. औषधी जनुकच मोठं असलं तर पावतीला जागा उरत नाही. परक्या प्रथिनावर शरीर चालून जातं, आणि मग सही करणारी पेशीच सहीमुळे मारली जाते. फ्लोरिन-१८ एकशे दहा मिनिटांत निम्मं होतं, म्हणजे ते बनवणारा सायक्लोट्रॉन जवळ हवा. नियामक विचारतात, औषधात हे जादा जनुक कशाला? प्रश्न रास्त आहे. तरी मला राहवत नाही. ‘सोळा कोटींचं इंजेक्शन’ हे शब्द २०२१मध्ये मराठी वर्तमानपत्रांत किती वेळा छापले गेले, लोकांनी पन्नास-शंभर रुपये टाकून रकमा उभ्या केल्या. तेही जनुकाचंच औषध; ते बाळाच्या शिरेत गेल्यावर किती मज्जापेशींत पोचलं, हे पाहायची सोय त्यात नाही. सोळा कोटींची मनीऑर्डर, आणि मागचा तुकडा कोराच.

राहिला मेंदूच्या भिंतीचा प्रश्न. चिबात इनागेला, आमच्या घरून आगगाडीनं तासाभरावर, राष्ट्रीय क्वांटम विज्ञान संस्थेत त्यावर काम चाललंय. तिथल्या गटानं २०२१मध्ये ई. कोलायचं एक विकर सही म्हणून मेंदूत बसवलं आणि ते शोधायला वापरलं ट्रायमेथोप्रिम. हे नाव ओळखीचं आहे, लघवीच्या जंतुसंसर्गावर दिल्या जाणाऱ्या जुन्या गोळीतला हा घटक. तो भिंत ओलांडतो, आणि माणसाचं विकर त्याला फारसं जुमानत नाही. त्याला किरणोत्सर्गी खूण लावून प्राण्यांच्या मेंदूत खोलवरची चेतापेशींची जाळी पेटवर दिसली. माणसापर्यंत यायला वेळ आहे.

आणि डेलिटॅक्टमधला विषाणू? त्याच्यात निळी सही आहे हे वर आलंच. पण त्याचं टीकेही शाबूत आहे. गडबड झाली तर असायक्लोव्हिरनं आवरता यावा म्हणून ते ठेवलंय. म्हणजे अंगठा त्याच्याजवळ आहे, पण मेंदूत भरवशाची शाई अजून मिळालेली नाही, आणि सध्या तरी रोग्याला सूज कसली हे कळायला सुईच लागते.